आधी परिसर, मग शहर: सेव्हिलचे पाच दिवस

स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रदेशाची राजधानी असलेले सेव्हिल, ज्याला तिथले लोक सेविया म्हणतात, पाहण्यासाठी आम्ही पाच पूर्ण दिवस राखून ठेवले होते. आम्ही म्हणजे मी, माझी पत्नी आणि एकाहत्तर वर्षांची आई. पुण्याहून निघण्यापूर्वी जवळजवळ दोन महिने मी या पाच दिवसांची आखणी करीत होतो, आणि काय पाहायचे यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहायचे हाच प्रश्न मला अधिक वेळ अडवून बसला होता. बहुतेक प्रवासी पहिल्या दिवशी कॅथेड्रल आणि अल्कासार राजवाडा पाहून घेतात आणि वेळ उरला तर आसपासच्या गावांकडे वळतात. वाचन करताना माझ्या लक्षात असे आले की, सेव्हिलच्या मध्यवस्तीत रोमन, अरब आणि ख्रिस्ती काळ एकमेकांत इतके मिसळून गेले आहेत की नवख्या माणसाला ते वेगळे ओळखता येणे कठीण; तेच काळ परिसरातल्या गावांमध्ये मात्र बरेच सुटे सुटे दिसतात. म्हणून आम्ही आधी परिसर आणि मग शहर असा क्रम ठरवला.

या क्रमाला वारांचा मेळ बसवणे आवश्यक होते. इतालिकाचे रोमन अवशेष, कार्मोनाची रोमन दफनभूमी, कोर्दोबा शहराजवळची मेदिना असाआरा ही जुनी राजनगरी आणि सेव्हिलमधली संग्रहालये सोमवारी बंद असतात, तर रविवारी सकाळी प्रार्थनांमुळे कॅथेड्रल पर्यटकांसाठी दुपारनंतरच उघडते. मंगळवारी संध्याकाळी पोहोचून सोमवारी सकाळी निघायचे असे ठरवताच या अडचणी आपोआप दूर झाल्या. पाचही दिवसांचा मुक्काम सांता हुस्ता रेल्वे स्थानकापासून फार लांब नसलेल्या एकाच घरात ठेवला. आईला रोज सामान बांधायला लावायचे नव्हते हे त्याचे मुख्य कारण. शिवाय शेंगेन व्हिसाच्या अर्जात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो, तेही काम त्यामुळे सोपे झाले.

महिना मार्चचा निवडला. जुलै-ऑगस्टमध्ये इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि इतालिकासारख्या उघड्या जागी ज्येष्ठ माणसाला नेणे तेव्हा धोक्याचे ठरते. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह आणि त्यानंतरची एप्रिलची जत्रा या काळात शहर अतिशय देखणे असते असे म्हणतात, पण राहण्याचे दर कित्येक पटींनी वाढतात आणि मिरवणुकांमुळे रस्ते तासन्‌तास बंद राहतात. आम्ही त्याच्या काही आठवडे आधी गेलो.

माद्रिदहून सेव्हिलला येणारी अतिवेगवान रेल्वे १९९२ सालची, म्हणजे सेव्हिलच्या जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी सुरू झालेली, स्पेनमधली अशी पहिलीच. सुमारे ४७० किलोमीटरचे अंतर ती अडीच तासांत कापते. मंगळवारी संध्याकाळी आम्ही उतरलो तेव्हा रस्त्यांच्या दुतर्फा संत्र्यांची झाडे होती, काही फांद्यांवर अजून फळे लगडलेली आणि काहींवर नुकती फुलू लागलेली पांढरी फुले. ही संत्री कडू असतात, खाण्याच्या उपयोगाची नाहीत; त्यांचा मुरंबा इंग्लंडमध्ये फार पूर्वीपासून आवडीने खाल्ला जातो. स्पॅनिशमध्ये संत्र्याला ‘नारांखा’ म्हणतात. तो शब्द अरबीतून आला, अरबीत फारसीतून, आणि फारसीत संस्कृत ‘नारंग’ वरून. आईने तो ऐकला आणि म्हणाली, “म्हणजे आपलं नारिंगच की रे.” त्या क्षणापासून तिला हे शहर फारसे परके वाटले नाही.

बुधवार: इतालिका आणि त्रियाना

पहिली सकाळ इतालिकाची. सेव्हिलच्या वायव्येला नऊ किलोमीटरांवर सांतिपोन्से नावाचे गाव आहे आणि प्लासा दे आर्मास या बसस्थानकावरून तिथे अर्ध्या तासात पोहोचता येते. इसवी सनापूर्वी २०६ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सैन्याचा पराभव केल्यानंतर रोमन सेनापती स्किपिओ याने आपल्या जखमी सैनिकांना वसवण्यासाठी हे नगर स्थापन केले. पुढे सम्राट ट्रेजन इथेच जन्मला आणि त्याच्यानंतर गादीवर आलेला हेड्रियन याचे घराणेही इथलेच. हेड्रियनने आपल्या गावाला नवा, प्रशस्त भाग जोडून दिला. आज जे पाहायला मिळते ते मुख्यतः हेच नवे नगर आहे. जुने इतालिका सांतिपोन्सेच्या घरांखाली गाडलेले आहे.

सुमारे २५,००० प्रेक्षक बसतील असे प्रचंड अँफिथिएटर प्रवेशद्वाराजवळच आहे आणि सगळे पर्यटक तिथेच वेळ घालवतात. माझ्या मते मात्र टेकडीवर चढून रस्त्यांकडे जायला हवे. रुंद, सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे ते फरसबंद रस्ते, त्यांच्या दोन्ही बाजूंना घरांची केवळ जोती आणि जोत्यांच्या आत उघड्या आकाशाखाली पडलेली मोझेकची जमीन, हे सारे आम्ही जवळजवळ एकटेच पाहत होतो. एका घरात प्रत्येक चौकटीत वेगळा पक्षी आहे. दुसऱ्यात आठवड्याच्या सात वारांचे सात ग्रहदेव एका वर्तुळात बसवलेले आहेत. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे आपलेच वार तिथे चेहऱ्यांनिशी दिसतात, त्यामुळे या घरासमोरून आईला हलवणे अवघड झाले. इथे सावली अगदी कमी आहे आणि पाणी बरोबर न्यावेच लागते. सकाळी उघडताच गेल्यास दोन ते अडीच तासांत निवांत पाहून होते.

स्पेनमधले जेवण उशिरा असते हे वाचून माहीत असले तरी शरीराला ते सांगावे लागते. दुपारचे स्वयंपाकघर दीडच्या आधी सुरू होत नाही आणि रात्रीचे साडेआठच्या आधी नाही. आम्ही शाकाहारी असल्यामुळे नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीत पहिले जेवण मागवताना धास्ती होती. पण पालक आणि काबुली चणे जिरे घालून शिजवलेला ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ हा पदार्थ सेव्हिलचा खास आहे आणि तो जवळपास सर्वत्र मिळतो. पुढचे पाच दिवस तो आमचा आधार होता. फक्त एक गोष्ट दरवेळी सांगायची, ‘सिन हामोन’, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत; कारण भाजीवर ते भुरभुरवणे इथे अगदी स्वाभाविक मानले जाते.

त्रियाना ही शतकानुशतकांची कुंभारांची आणि रंगीत फरशा घडवणाऱ्यांची वस्ती. या फरशांना ‘असुलेखो’ म्हणतात. निळ्या रंगाच्या ‘असुल’ या स्पॅनिश शब्दाशी त्यांचे नाते असावे असे वाटते, पण हा शब्द अरबी ‘अझ-झुलैज’ वरून आलेला आहे. गोव्यात पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातल्या निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना त्रियानातल्या दुकानांच्या दर्शनी भिंती पाहून ओळखीची जागा सापडल्यासारखे वाटेल. पोर्तुगीजांनी ही कला आणि हा शब्द दोन्ही आपलेसे केले. संध्याकाळी १८५२ सालच्या लोखंडी पुलावरून ग्वादाल्किविर नदी पाहत परतलो. नदीचे नावही अरबीच आहे, ‘अल-वादी अल-कबीर’, म्हणजे मोठी नदी.

गुरुवार: कोर्दोबा

या प्रवासातला सगळ्यात भरलेला दिवस हाच, म्हणून त्याची तयारीही सगळ्यात काटेकोर. कोर्दोबाला जाणारी वेगवान गाडी पाऊण तास घेते. तिथल्या मेस्कितामध्ये, म्हणजे आज कॅथेड्रल असलेल्या जुन्या मशिदीत, रविवार सोडून रोज सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळेत शुल्क न घेता प्रवेश देतात आणि त्या तासात मोठे गट आत सोडत नाहीत. पैसे वाचतात हा फायदा लहान. शांतता मिळते हा खरा. त्यासाठी पहाटे अंधारात निघावे लागले आणि स्थानकावरून टॅक्सी करावी लागली, पण या एका तासासाठी मी ते पुन्हा करीन.

आत शिरल्यावर प्रथम दिसते ते खांबांचे रान. दमास्कसच्या उमय्या घराण्याची कत्तल झाल्यावर पळून आलेल्या पहिल्या अब्दुर्रहमानने ७८५ साली ही मशीद बांधायला घेतली. खांब त्याने नव्याने घडवले नाहीत. रोमन आणि त्यांच्यानंतर इथे राज्य केलेल्या व्हिसिगॉथ लोकांच्या इमारतींमधून काढलेले, वेगवेगळ्या दगडांचे आणि वेगवेगळ्या उंचीचे खांब त्याच्या कारागिरांना मिळाले होते. ते एवढ्या मोठ्या छतासाठी बुटके पडत होते, म्हणून कमानीवर दुसरी कमान चढवण्याची युक्ती त्यांनी काढली. लाल विटा आणि फिकट दगड आलटून पालटून बसवलेल्या त्या दुहेरी कमानी आज साऱ्या जगाला ठाऊक आहेत, आणि त्यांचा उगम अडचणीत आहे हे डोळ्यांसमोर ठेवून पाहिले की त्या अधिकच सुंदर वाटतात. सध्या ८५६ खांब शिल्लक आहेत.

मशीद दोनशे वर्षांत तीनदा वाढली आणि कुठून कुठे वाढली हे चालताना ओळखता येते. दहाव्या शतकात दुसऱ्या अल-हकमने दक्षिणेकडे वाढवलेला भाग सर्वांत श्रीमंत आहे. तिथल्या मिहराबवरच्या, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावरच्या, सोनेरी काचेच्या मोझेकसाठी बायझंटाइन सम्राटाकडून साहित्य आणि कारागीर आले होते. शेवटची वाढ अल-मन्सूर या वजिराने केली. दक्षिणेला नदी आडवी आल्याने त्याने पूर्वेकडे आठ दालने जोडली आणि त्यामुळे मिहराब इमारतीच्या मध्यावर राहिला नाही. त्याच्या भागातल्या कमानींवरचे लाल पट्टे बहुतांशी केवळ रंगवलेले आहेत. पत्नीने त्यावर बोट ठेवले तेव्हा मला वाचलेले आठवले. तिने वाचले नव्हते, तिला ते दिसले होते.

१२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांदोच्या हाती गेले आणि १५२३ मध्ये मशिदीच्या मधोमध कॅथेड्रलचा उंच गाभारा बांधायला सुरुवात झाली. कोर्दोबाच्या नगरपालिकेने तेव्हा त्याला कडाडून विरोध केला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या गावातली दुसऱ्या धर्माची वास्तू मोडू नये म्हणून पाचशे वर्षांपूर्वीचे नगरसेवक उभे राहिले. सम्राट पाचव्या कार्लोसने त्यांचे ऐकले नाही. खांबांच्या मंद उजेडातून अचानक त्या पांढऱ्या, लखलखीत गाभाऱ्यात पाऊल पडते तेव्हा बांधणाऱ्यांचे कौशल्य नाकारता येत नाही, आणि तरीही मन मागे खांबांकडेच ओढ घेते.

तिथून बसने शहराच्या पश्चिमेला आठ किलोमीटरांवरील मेदिना असाआराला गेलो. तिसऱ्या अब्दुर्रहमानने स्वतःला खलिफा घोषित केल्यानंतर ९३६ च्या सुमारास ही राजनगरी डोंगरउतारावर बांधायला घेतली आणि अवघ्या पाऊणशे वर्षांत यादवी युद्धात ती लुटली गेली. २०१८ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आधी संग्रहालयात छोटा माहितीपट पाहायचा आणि मग तिथल्याच बसने वर अवशेषांकडे जायचे, असा क्रम आहे; बस असल्यामुळे चढ टळतो. आत उतार आणि पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून आई वरच्या सज्जात बसून राहिली आणि आम्ही दोघे खाली जाऊन आलो. वेळ कमी असेल तर हा भाग गाळावा असे अनेक जण सांगतात. मला ते पटत नाही. मेस्कितामध्ये जी सत्ता प्रार्थना करताना दिसते तीच इथे दरबार भरवताना दिसते, आणि दोन दिवसांनी अल्कासारमध्ये जे पाहायचे होते त्याची किल्ली इथेच मिळाली.

दुपारी जुन्या ज्यू वस्तीत १३१५ सालचे लहानसे सिनेगॉग पाहिले आणि याच शहरात बाराव्या शतकात जन्मलेल्या मायमोनिडीस या ज्यू तत्त्वज्ञाचा पुतळा पाहिला. त्याच शतकात इथेच इब्न रुश्द हा मुस्लिम तत्त्वज्ञ जन्मला. टोमॅटो, पाव आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेले थंड, दाट ‘साल्मोरेखो’ आणि उसाच्या काकवीबरोबर तळलेली वांगी असे जेवण झाले. काकवी चाखून आईने कोल्हापूरची आठवण काढली.

शुक्रवार: कार्मोना आणि नदीकाठ

आदल्या दिवसाच्या दगदगीनंतर मुद्दाम अर्ध्या दिवसाचे ठिकाण ठेवले होते. सेव्हिलच्या पूर्वेला सुमारे तीस किलोमीटरांवर, सपाट शेतीच्या मधोमध उठलेल्या उंच पठारावर कार्मोना वसले आहे. ज्युलियस सीझरने आपल्या लेखनात या गावाला साऱ्या प्रांतातले सर्वांत भक्कम नगर म्हटले आहे आणि पूर्वेच्या टोकाला उभे राहून खाली पसरलेली हिरवी मळ्यांची जमीन पाहिली की ते का, हे समजते. गावात शिरण्याचा सेव्हिल दरवाजा कार्थेजच्या काळापासूनचा. रोमनांनी तो वाढवला आणि अरबांनी डागडुजी केली.

रोमन दफनभूमी गावाच्या अलीकडे आहे. खडकात खोदलेल्या खोल्यांमध्ये अस्थिकलश ठेवण्यासाठी कोनाडे आहेत. त्या काळी इथे दहनाची प्रथा होती, हे कळल्यावर आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. एका थडग्यात हत्तीची दगडी मूर्ती सापडल्याने त्याला हत्तीचे थडगे म्हणतात. गावातल्या सांता मारिया चर्चच्या अंगणातही संत्र्यांची झाडे आहेत, कारण तिथे पूर्वी मशीद होती. ही खूण उद्या सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा भेटणार होती.

दुपारी परतून नदीकाठचा बारा बाजूंचा ‘सोन्याचा मनोरा’ पाहिला. १२२० च्या सुमारास अल्मोहाद या मुस्लिम घराण्याच्या राज्यकर्त्यांनी तो नदीवर पहारा ठेवण्यासाठी बांधला. समुद्रापासून सुमारे ऐंशी किलोमीटर आत असूनही सेव्हिल हे बंदर आहे. १५०३ मध्ये इथे अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराची कचेरी स्थापन झाली आणि पुढची दोनशे वर्षे नव्या जगातला माल याच काठावर उतरत राहिला. मॅगेलनची पाच जहाजे १० ऑगस्ट १५१९ रोजी इथून निघाली. तीन वर्षांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून एकच जहाज अठरा माणसांसह परतले. आपला ‘बटाटा’ हा शब्दही कॅरिबियन बेटांवरून स्पॅनिश आणि पोर्तुगीज मुखांतून प्रवास करीत आपल्या स्वयंपाकघरात आला. जवळच असलेल्या ‘आर्चिवो दे इंदियास’ या दफ्तरखान्यात या सगळ्या व्यवहाराची सुमारे आठ कोटी पाने जपून ठेवली आहेत. प्रवेश विनामूल्य आहे. दफ्तराचे मोल जाणणाऱ्या मराठी माणसाने तिथे अर्धा तास तरी जावे.

शनिवार: कॅथेड्रल आणि अल्कासार

अल्कासारची वेळेसह तिकिटे एक महिना आधी काढली होती. ती नावानिशी असतात आणि दारावर ओळखपत्र पाहतात. आमचे पासपोर्ट घरी राहिले होते. त्यामुळे पत्नीला धावत परत जावे लागले. सुदैवाने वेळ दुपारची होती.

सकाळी कॅथेड्रल. १४०१ मध्ये जुन्या अल्मोहाद मशिदीच्या जागी ते बांधायचे ठरले आणि शंभरहून अधिक वर्षे काम चालले. आकाराने हे जगातले सर्वांत मोठे गॉथिक कॅथेड्रल मानले जाते. कोलंबसची शवपेटी चार राजांच्या पुतळ्यांनी खांद्यावर घेतली आहे. त्याचे अवशेष १८९८ मध्ये, क्यूबा स्पेनच्या हातून गेल्यावर, हवानाहून इथे हलवले. मला मात्र ओढ हिराल्दा मनोऱ्याची होती. ११८४ मध्ये मशिदीचा मिनार म्हणून त्याचे काम सुरू झाले आणि सोळाव्या शतकात वरच्या बाजूला घंटांचा मजला चढवला गेला. आत जिना नाही, तर पस्तीस चढणी आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावे म्हणून त्या केल्या असे सांगतात. त्यामुळे गुडघे दुखणारी माणसेही दमादमाने चढू शकतात. आई प्रत्येक खिडकीशी थांबत, शेवटच्या मोजक्या पायऱ्यांपर्यंत स्वतःच्या पायांनी आली आणि वरून खालच्या संत्र्यांच्या अंगणाकडे पाहून म्हणाली, “इथंही मशीदच होती ना?” कार्मोना आधी पाहिल्याचे ते फळ होते.

दुपारी अल्कासार. आतला मुख्य राजवाडा अरबांचा वाटतो, पण तो बांधला पेद्रो या ख्रिस्ती राजाने, आणि त्यासाठी ग्रानाडाच्या मुस्लिम सुलतानाकडून कारागीर मागवले. दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांत ‘अल्लाशिवाय कोणी विजेता नाही’ हे ग्रानाडाचे घोषवाक्य पुन्हा पुन्हा लिहिले आहे, आणि त्याच्याच भोवती गॉथिक अक्षरांत पेद्रोचे नाव आणि १४०२ हे वर्ष आहे. हे वर्ष इसवी सनातले नव्हे. तेव्हा इथे चालणारी कालगणना इसवी सनापेक्षा ३८ वर्षे पुढे होती, म्हणून ते १३६४ होते. शके आणि इसवी सन यांचा हिशेब मनात करायची सवय असलेल्या आपल्याला हे चटकन उमगते. राजदूतांच्या दालनातल्या घोड्याच्या नालेसारख्या तिहेरी कमानी पाहताच मेदिना असाआराच्या दरबाराची आठवण झाली. ती नगरी धुळीस मिळून साडेतीनशे वर्षे झाल्यावरही राजाने कसे बसावे याची कल्पना तीच राहिली होती, आणि धर्म बदलूनही राहिली होती. बागेतल्या कारंज्यांजवळ संध्याकाळ होईपर्यंत बसलो.

रविवार: चित्रे आणि चौक

सकाळी एका जुन्या मठात असलेल्या ललित कला संग्रहालयात सेव्हिलच्याच मुरिय्योची आणि इथे बरीच वर्षे काम केलेल्या सुर्बारानची चित्रे पाहिली. रविवारी ते दुपारी लवकर बंद होते. नंतर प्लासा दे एस्पान्या या अर्धवर्तुळाकार चौकात गेलो. १९२९ च्या प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेस या वास्तुविशारदाने तो उभारला आणि प्रदर्शन उघडल्यावर काही आठवड्यांतच तो वारला. भिंतीलगत स्पेनच्या प्रांतांसाठी फरशांनी मढवलेली ४८ बाके आहेत, प्रत्येकावर त्या प्रांताच्या इतिहासातला प्रसंग आणि खाली नकाशा. आईने वर्णानुक्रमाने जात कोर्दोबाचे बाक शोधून काढले, पदराने ते पुसले आणि नकाशावर नदी बोटाने गिरवत सेव्हिलच्या दिशेने खाली आणली.